मुलांची पाठ: जपायची की वापरायची?

शनिवारची सकाळ आहे, बाहेर नेहमीसारखी भुरभुर चालू आहे, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तेरा ते अठरा वर्षांचं एक माणूस अजून पांघरुणातून बाहेर आलेलं नसेल. आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल. किंवा तिच्याबद्दल.

"आई, माझी पाठ दुखतेय."

हे वाक्य आजोबांच्या तोंडी शोभतं अशी आपली समजूत. चौदा वर्षांचं पोर ते म्हणालं, की आपल्याकडून बहुतेक वेळा दोनच उत्तरं येतात. पहिलं, "तुझ्या वयात कसली आलीय पाठदुखी? तो फोन ठेव आधी खाली." दुसरं, "अगं बाई, मणक्याचं तर काही नसेल? झोपून राहा तू, उठू नकोस." एकात काळजी कमी, दुसऱ्यात जरा जास्तच. ही दोन्ही उत्तरं मी स्वतः दिलेली आहेत, आणि दोन्ही वेळा चुकले आहे. म्हणून आजचा विषय मागून घेतला.

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. इंग्लंडमध्ये येऊन मला अठरा वर्षं झाली. माझं रोजचं काम म्हणजे गुडघ्याची नाहीतर खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या वयस्कर मंडळींना पुन्हा चालतं करायचं. दिवसभर मी लोकांना विचारत असते, कुठे दुखतं, कधी दुखतं, काय केलं की थांबतं. आणि घरी मात्र दिव्याखाली अंधार.

माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. थंडीचे चार-पाच महिने तो शाळा, अभ्यास आणि गादीवर लोळून लॅपटॉप, एवढंच करत होता. एप्रिलमध्ये क्रिकेटचा हंगाम सुरू झाला. त्या वर्षी त्याची उंची सरसर वाढली होती, हात लांब झाले होते, चेंडूला वेग आला होता. शाळेच्या संघात घेतलं, क्लबच्याही घेतलं. मंगळवारी नेट्स, गुरुवारी नेट्स, शनिवारी एक सामना, रविवारी दुसरा. घरात सगळे खूश. मे महिन्यात तो म्हणाला, कंबरेत दुखतंय, डाव्या बाजूला. मी न विचारताच निदान केलं: गादीवर लोळून लॅपटॉप बघतोस, दुसरं काय होणार! नवी खुर्ची घेतली, पाठीला उशी दिली, रोज सकाळी भुजंगासन करायला लावलं. तो म्हणाला, "हे केलं की जास्त दुखतं." मी म्हटलं, "सवय नाही म्हणून."

सहा आठवड्यांनी एका रविवारी सामन्याहून आला आणि त्याला बूट काढायला वाकता येईना. तेव्हा मी पहिल्यांदा, कामावर विचारते तसं, शांतपणे बसून विचारलं. कधी दुखतं? बॉलिंग करताना. आणखी कधी? मागे वाकलं की. खुर्चीवर बसलं की? "नाही, बसलं की बरं वाटतं." ते ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. जीपीकडे गेलो, पुढे एमआरआय झाला. कंबरेच्या शेवटच्या मणक्याला बारीक तडा होता, स्ट्रेस फ्रॅक्चर. हंगाम संपला. आणि घरी येताना गाडीत तो मला म्हणाला, "आई, तू मला विचारलंच नाहीस. तू नुसतं सांगत होतीस."

श्रोतेहो, आज तुम्ही बाकी काही लक्षात ठेवलं नाहीत तरी चालेल, हे एवढं ठेवा. सांगायच्या आधी विचारा.

विचारायचं म्हणजे काय विचारायचं? इथे आपली मराठी फार कामाची आहे. इथली मुलं म्हणतात, "हर्ट्स". बस, एक शब्द. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा. बसून बसून अंग अवघडतं. एखादा स्नायू ठणकतो. वाकताना चमक भरते, उसण भरते. पाय मुरगळतो, कंबर लचकते. कळ येते, ती कधी कधी कंबरेतून निघून पायात उतरते. पायाला मुंग्या येतात, पाय बधिर होतो. हे सगळे शब्द एका जेवणाच्या टेबलावर मुलांना शिकवा. हात धरून दाखवा, अवघडणं म्हणजे हे, कळ म्हणजे हे. मुलाला मराठी येईल ते वेगळंच, पण उद्या डॉक्टरांसमोर तो इंग्रजीतसुद्धा नीट सांगू शकेल, कारण दुखण्यात फरक असतो हे त्याला कळलेलं असेल.

मग हे पाच प्रश्न. लिहून घेतले तरी चालतील.

पहिला, नेमकं कुठे? एका बोटाने दाखव. मूल पूर्ण पाठीवरून हात फिरवतं, की एका जागी बोट ठेवतं?

दुसरा, काय केलं की दुखतं आणि काय केलं की थांबतं? बसल्यावर, वाकल्यावर, मागे झुकल्यावर, धावल्यावर?

तिसरा, रात्री झोपेतून जाग येते का? सकाळी उठल्यावर पाठ किती वेळ आखडलेली असते?

चौथा, गेल्या दोन महिन्यांत काय बदललं? नवा खेळ, जास्त सराव, वाढलेली उंची, परीक्षा, नवी शाळा, मित्राशी बिनसलेलं, काहीही.

पाचवा, दुखतं म्हणून तू काय करायचं सोडलंस? हा प्रश्न मुलं फार प्रामाणिकपणे सांगतात. फक्त पीई सोडलं असेल तर एक गोष्ट. आवडीचा खेळही सोडला असेल तर दुसरी.

आता उत्तरांकडे वळू. आधी घाबरवणारी उत्तरं सांगून टाकते, म्हणजे उरलेला वेळ निवांत बोलता येईल.

लघवी किंवा शौचावर ताबा राहत नाही, जांघेभोवतीची जागा बधिर झाली आहे, पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटते, किंवा मोठ्या पडझडीनंतर पाठ दुखते आहे, तर वाट बघायची नाही. सरळ ९९९ किंवा ए अँड ई. पाठदुखीबरोबर ताप आहे, मूल आजारी दिसतंय, तर त्याच दिवशी जीपी किंवा १११. दुखणं रोज रात्री झोपेतून उठवतंय, वजन कारण नसताना उतरतंय, भूक गेली आहे, तर जीपीची लवकरात लवकरची वेळ घ्या आणि हे शब्द स्पष्ट सांगा. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पाठ आखडलेली राहते, हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते, पण झोपलं की पुन्हा आखडते, आणि असं काही आठवडे चालू आहे, तर तेही दाखवायला हवं. हा सांध्यांच्या सुजेचा प्रकार असू शकतो आणि त्याला वेगळे उपचार आहेत.

दुसरं, कण्याचा बाक. मुलाला पाय जुळवून, गुडघे सरळ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागे उभं राहून बघा. एका बाजूची बरगडी किंवा कंबर दुसरीपेक्षा वर उचललेली दिसते का? एक खांदा, एक खवाटा वर दिसतो का? याला स्कोलिओसिस म्हणतात. शंभरात दोन-तीन मुलांना वाढीच्या वयात तो थोडाफार असतो, वाढत जाणारा बाक मुलींमध्ये जास्त दिसतो. बऱ्याचदा तो दुखतही नाही, म्हणून लक्षात येत नाही. वाकडं बसल्याने किंवा दप्तराने तो होत नाही, तेव्हा मुलीला दोष देऊ नका. पण वाढीच्या वयात लक्षात आला तर त्याच्यावर नजर ठेवता येते, गरज पडली तर पट्टा देता येतो.

तिसरं, खेळणाऱ्या मुलांचं दुखणं. कंबरेत, बहुधा एका बाजूला, मागे वाकलं की दुखतं, खेळलं की वाढतं, बसलं की थांबतं. फास्ट बॉलर, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुली, बॅले, टेनिसची सर्व्हिस, बटरफ्लाय पोहणारी मुलं, ज्या ज्या खेळात कंबर पुन्हा पुन्हा मागे जाते आणि पिळली जाते, त्या सगळ्यांना हे लागू. फास्ट बॉलरचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायातून कंबरेपर्यंत जातो, आणि नेमकं त्याच क्षणी कंबर बाजूला वाकलेली असते. उजव्या हाताने बॉलिंग करणाऱ्याला म्हणून बहुतेक वेळा डाव्या बाजूला तडा जातो. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. जसप्रीत बुमरालाही २०१९ मध्ये कंबरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, आणि २०२३ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करावी लागली. मग वाढत्या हाडाचं काय सांगावं? म्हणूनच इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वयाप्रमाणे एका स्पेलमध्ये किती आणि दिवसात किती षटकं टाकायची याची मर्यादा घालून दिली आहे. पण गोम अशी, की शाळेचा कोच शाळेची षटकं मोजतो, क्लबचा कोच क्लबची. दोन्हीची बेरीज करणारं माणूस एकच असतं. ते म्हणजे तुम्ही. फ्रीजवर कागद लावा आणि आठवड्याची षटकं लिहा. आम्ही आता तेच करतो.

तर हे झालं कधीतरी होणारं. आता जे नेहमी होतं त्याबद्दल.

वाढीच्या वयातल्या बहुतेक पाठदुखीत काहीही मोडलेलं, सरकलेलं, झिजलेलं नसतं. एक्स-रे काढला तर त्यात काही दिसणार नाही, आणि म्हणून डॉक्टर तो काढत नाहीत. "इथे कुणी काही तपासतच नाहीत, पुण्यात असतो तर लगेच एमआरआय केला असता," ही तक्रार मी आपल्या मंडळींकडून पुष्कळदा ऐकते. पण वरच्यापैकी एकही खूण नसेल, तर न काढलेला फोटो हा हलगर्जीपणा नसतो. असं दुखणं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरतं. चार आठवड्यांत उतरलं नाही, किंवा वाढतच गेलं, तर मात्र दाखवा.

मग ते होतं कशाने? एकच कारण शोधू नका. या वयात उंची झपाट्याने वाढते. मुलींची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. ऐन भरात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर. हाडं पुढे धावतात आणि स्नायूंना मागून जमवून घ्यावं लागतं. त्यात दिवसातले सहा तास वर्गात बसणं, दोन तास अभ्यासाला, तीन तास पडद्यासमोर. त्यात अपुरी झोप. त्यात परीक्षेची धास्ती. या सगळ्याची मोळी पाठीवर येते.

मुलांच्या झोपेची आपण फार चेष्टा करतो. तेरा ते अठरा वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. कमी झोपलेल्या शरीराला तेच दुखणं जास्त दुखतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. मनाचंही तसंच. परीक्षा, मैत्री, शाळेत कुणी दिलेला त्रास, हे मुलं "मला भीती वाटते" असं सांगत नाहीत, पोट दुखतं, पाठ दुखते असं सांगतात. ते दुखणं खोटं नसतं. खरंच दुखत असतं. म्हणून आपला चौथा प्रश्न, काय बदललं, हा नुसता पाठीबद्दलचा प्रश्न नाही.

आता दप्तराचं बघू. आपण सगळे दप्तराला दोष देत मोठे झालो. भारतात २०२० च्या दप्तर धोरणाने दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं असं म्हटलं आहे, आणि हलकं दप्तर केव्हाही बरंच. पण दप्तराने पाठदुखी होते का, यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये तपासले गेले, तेव्हा तसा ठोस पुरावा मिळाला नाही. उलट दप्तर घेऊन शाळेत चालत जाणारं मूल निदान चालतं तरी! दोन्ही पट्टे खांद्यावर घ्यायचे, नको ती पुस्तकं घरी ठेवायची, एवढं पुरे. दप्तर जड आहे म्हणून रोज गाडीने सोडत असाल, तर जरा विचार करा.

"सरळ बस" याचंही तेच. मी स्वतः हे वाक्य हजारदा ऐकलंय आणि हजारदा म्हटलंय. पण दिवसभर टिकेल अशी एक आदर्श बैठक नसतेच. अगदी ताठ बसलेलं मूलसुद्धा दोन तास तसंच बसलं तर अवघडणार. लोळून वाचणं वाईट नाही, तीन तास लोळून राहणं वाईट. म्हणून "सरळ बस" च्या जागी "ऊठ जरा" म्हणा. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं, पाणी प्यायचं, जिना वरखाली करायचा, पुन्हा बसायचं. महागड्या खुर्चीपेक्षा पाण्याचा छोटा पेला जास्त कामाचा. पेला संपतो आणि उठावं लागतं. मी घेतलेल्या खुर्चीवर सध्या आमची धुतलेली कपड्यांची चळत असते.

आणि दुखत असताना काय करायचं? झोपवून ठेवायचं नाही. पहिले एक-दोन दिवस दमाने घेतलं तर चालेल. गरम पाण्याची पिशवी द्या. आजी आली असेल तर तेल लावू दे, त्या हाताने बरं वाटतंच. पण तेल लावून झालं की चालायला बाहेर काढा. शाळा बुडवू नका. खेळ पूर्ण बंद न करता कमी करा. हलल्यावर थोडं दुखलं म्हणजे आत काहीतरी तुटतंय असं नसतं. पाठीचे स्नायू पडून राहिले की लवकर ढिले होतात, मग थोड्याशा कामानेही दुखतं, दुखतं म्हणून आणखी पडून राहायचं. या चक्रातून मुलाला आपणच बाहेर काढायचं असतं, आणि पुष्कळदा आपणच त्यात ढकलतो.

इथे घरातल्या बोलण्याबद्दल एक सांगते. "आमच्या घराण्यातच पाठ कमकुवत", "माझी पाठ गेली, आता ह्याची चालली", "जड उचलू नकोस, मणका सरकेल." व्हिडिओ कॉलवर काका-मामा-आत्या सगळे हे प्रेमापोटीच बोलतात. पण मूल ऐकत असतं आणि आपली पाठ काचेची आहे असं धरून चालतं. पाठ काचेची नसते. चोवीस मणके, मधल्या गाद्या, त्यांना बांधणारे पक्के बंध आणि भोवती स्नायूंचे थर, अशी ती वाकायला, वळायला आणि भार उचलायलाच घडलेली आहे. जेवढी वापराल तेवढी ती बळकट होते. आणि हाडांच्या बाबतीत तर हे वय पुन्हा येत नाही. उंची सर्वांत वेगाने वाढते त्याच्या आसपासच्या दोन वर्षांत माणूस आपल्या आयुष्यभराच्या हाडाच्या पुंजीपैकी साधारण पाव हिस्सा जमवतो. माझ्याकडे खुबा मोडून येणाऱ्या आजी बघितल्या की मला ही पुंजी आठवते. ती पंधराव्या वर्षी जमवायची असते, पंचाहत्तराव्या वर्षी फक्त खर्च करायची.

किती हालचाल हवी? जागतिक आरोग्य संघटना आणि इथल्या सरकारी वैद्यकीय सल्लागारांचं म्हणणं एकच आहे. शाळकरी वयात आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं, धाप लागेल अशी. त्यातले निदान तीन दिवस हाडं आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम असावा, असं आरोग्य संघटना सांगते. आणि प्रत्यक्षात? आरोग्य संघटनेने १४६ देशांची माहिती एकत्र केली, तेव्हा ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढं करत नव्हती. मुली तर ८५ टक्के. म्हणजे आपलं मूल त्यात असेल तर ते आळशी आहे असं नव्हे. जगच बसून आहे.

पण आपल्या घरांची एक खास अडचण आहे. आपण देश सोडला, दहावी सोडली नाही. मूल जीसीएसईच्या वर्षात आलं की आपल्या डोक्यात दहावीचं वर्ष सुरू होतं. पोहणं बंद, फुटबॉल बंद, नाच बंद, "परीक्षा झाली की कर." मुलींचं तर आणखी आधी सुटतं. परीक्षा होते, मग ए लेव्हल येते, आणि सुटलेला खेळ परत येत नाही. नेमकं हेच हाडं भरण्याचं वय असतं. आणि ज्या वर्षी सर्वांत जास्त बसायचं, त्याच वर्षी आपण हालचाल काढून घेतो. खेळाचे तास कमी करावे लागले तर करा, शून्यावर आणू नका.

दुसरी अडचण इथल्या हवेची. डिसेंबरात चार वाजता अंधार. मग साठ मिनिटं आणायची कुठून? एकदम आणू नका, तुकड्यांनी आणा. शाळेत जाता-येता वीस मिनिटं भराभर चालणं. बस असेल तर दोन स्टॉप आधी उतरणं. घरी दहा मिनिटं नाच, कुठल्याही गाण्यावर, दार लावून. शनिवारी-रविवारी मोठा खेळ, तोही शक्यतो आपण बरोबर. आणि बळकटीसाठी आपल्याच घरचं जुनं सामान: दंड आणि बैठका. सामानाच्या पिशव्या गाडीतून घरात मुलांनी आणायच्या. बागेत लोंबकळायचे बार असतील तर लोंबकळायचं. वजनं उचलली की उंची खुंटते हा समज खोटा आहे. शिकवणारं माणूस नीट असेल आणि वजन बेताचं असेल, तर या वयात ते उत्तमच.

सूर्यनमस्कार तर आहेतच. आणि यात लाजण्यासारखं काही नाही, कारण ते या देशाला नवे नाहीत. सातारा भागातल्या औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, आणि त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' १९३८ मध्ये इथे लंडनमध्येच छापलं गेलं. सोफा आणि टीव्हीच्या मधल्या जागेत ते मावतात, पाऊस आड येत नाही. सहापासून सुरुवात करा, आठवड्याला दोन वाढवा. फक्त माझी चूक करू नका. मागे वाकताना कंबरेत एका जागी दुखत असेल, तर ते आसन सवयीने जाईल म्हणून रेटायचं नाही. थांबायचं आणि आधी दाखवायचं.

जाता जाता एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, ड जीवनसत्त्व. आपल्या रंगाच्या कातडीला इथलं ऊन पुरत नाही. थंडीत सर्वांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असं इथली आरोग्यसेवा सांगते, आणि दक्षिण आशियाई घरांनी वर्षभर. दुकानात ते स्वस्त मिळतं. पाठ दुखणं त्याने थांबेल असं नाही, पण हाडांच्या त्या पुंजीला ते लागतं.

माझ्या मुलाचं पुढे काय झालं, ते तुम्हाला ऐकायचं असेल. काही महिने बॉलिंग बंद. पण पडून राहणं नाही. आधी चालणं, मग पोट आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, मग हळूहळू धावणं. मोठी सोपी गोष्ट नव्हती. संघातले मित्र खेळायचे आणि हा सीमारेषेपलीकडे बसून धावफलक लिहायचा. एकदा म्हणाला, "पाठीपेक्षा हे जास्त दुखतं." मी यावेळी काही सांगितलं नाही, शेजारी बसले. पुढच्या उन्हाळ्यात तो परत खेळला, पहिल्या सामन्यात चारच षटकं. पाचवं टाकू का असं त्याने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली. त्याने चेंडू दुसऱ्याला दिला.

तर श्रोतेहो, आज जेवायला बसाल तेव्हा तुमच्या घरातल्या त्या उंच होत चाललेल्या माणसाला विचारा, "काय रे, काय गं, कुठे दुखतंय का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ते "आय ॲम फाइन" म्हणेल. जरा आणखी थांबा. मग जेवण झाल्यावर दोघं मिळून एक चक्कर मारून या. पाऊस असला तरी. छत्री आहे की.

पुन्हा भेटू. तोवर चालत राहा, आणि मुलांनाही चालवत राहा. नमस्कार.